रात्रभर मंद आचेवर

हनोईत फोच्या दुकानात शिरताना आधी नातं ठरवावं लागतं. व्हिएतनामी भाषेत समोरच्याला 'तुम्ही' म्हणायला आपल्यासारखा एक सरसकट शब्द नाही. माणूस आपल्याहून धाकटा की थोरला, आईच्या वयाचा की आजीच्या, हे नजरेनं ताडायचं आणि त्या नात्यानंच हाक मारायची. पातेल्यामागे उभ्या असलेल्या बाई साठी ओलांडलेल्या दिसत होत्या. दुभाषी म्हणून माझ्याबरोबर आलेली कॉलेजातली मुलगी कानाशी कुजबुजली, "को म्हणा." को म्हणजे आत्या. मी जरा चाचरत म्हटलं, "को ओय!" ओय म्हणजे आपलं 'अहो'. बाईंनी मान वर केली, मला एकदा नीट न्याहाळलं आणि उत्तरात 'चाउ' म्हणाल्या. नात, भाची, पुतणी, सगळ्यांना मिळून हा एक शब्द. त्या सकाळपासून पुढचे नऊ दिवस मी त्या गल्लीची भाची होते.

मग मागणी. "गा." गा म्हणजे कोंबडी. 'बो' म्हणजे गाय. आपल्याकडच्या कानाला 'गा' ऐकून भलताच प्राणी आठवेल, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. मी गोमांस खात नाही. त्यामुळे या लेखात बो फोबद्दल जे आहे ते पाहिलेलं, विचारलेलं, वाचलेलं आहे. कोंबडीच्या फोबद्दल जे आहे ते जिभेनं अनुभवलेलं. आणि 'फो' हे आपलं लिहिण्यापुरतं. हनोईच्या तोंडी तो 'फऽ' असतो. आवाज आधी खाली उतरतो आणि शेवटी किंचित वर चढतो, आपण न ऐकू आलेल्या माणसाला "काय?" विचारतो तसा.

सकाळचे सव्वासहा झाले होते. दुकान म्हणजे एका जुन्या घराचा रस्त्याकडचा पुढचा खण. आत पाच बुटकी टेबलं, बाहेर फूटपाथवर तीन, आणि वीतभर उंचीची निळी प्लास्टिकची स्टुलं. बसल्यावर गुडघे छातीशी येतात. आत्याबाईंचे हात मात्र बघत राहावेत असे होते. मूठभर पांढऱ्या शेवया वेताच्या झाऱ्यात घेतल्या, उकळत्या पाण्यात बुचकळल्या, दोन हिसके देऊन पाणी झाडलं आणि वाडग्यात पालथ्या घातल्या. टांगलेल्या कोंबडीची तंगडी उतरवून सुऱ्यानं हाडासकट नव्हे, हाडावरून मांस सोलत तिचे तुकडे केले. पिवळीधमक कातडी तुकड्यावर तशीच राहिली. वरून कांद्याची पात, तिचे पांढरे दांडे उभे चिरून गरम पाण्यातून काढलेले, आणि एका सुवासिक लिंबाच्या पानांचे केसाइतके बारीक चिरलेले धागे. शेवटी ओगराळ्यानं रस्सा, दोनदा, कडेनं. वाडगा माझ्यापुढे आला तेव्हा मी मागणी करून दीड मिनिटही झालं नसेल.

पहिला घोट रश्शाचाच घ्यायचा, काहीही न घालता. हे मला त्या मुलीनं दटावून सांगितलं. मी चमचा तोंडाला लावला. कोल्हापूरकडे मटण शिजवताना आधी जे अळणी काढून ठेवतात, तिखटमीठ पडण्याआधीचं, आजाऱ्याला आणि लेकरांना प्यायला देतात ते, त्याच्या जवळची ती चव होती. पण अळणी म्हणजे पुढच्या रश्शाची पहिली पायरी. इथे तीच पायरी चढत चढत कळसाला नेलेली. आधी गोडवा, तो साखरेचा नव्हे तर हाडांचा. मग भाजलेल्या आल्याची धग. मग माशाच्या अर्काचा, नुक मामचा, अगदी तळाशी लागणारा खारटपणा. डोळ्यांवर वाफ येत होती आणि आजूबाजूला कुणीच बोलत नव्हतं. शाळेच्या गणवेशातली मुलगी, डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवलेला मोटारसायकलवाला, बाजारातून भाजीच्या पिशव्या घेऊन आलेली आजी, सगळे वाडग्यावर वाकलेले. शेवया रश्शात फुगत जातात, त्यामुळे बोलायला सवड नसते. दहा-पंधरा मिनिटांत वाडगा रिकामा करून माणूस उठतो आणि दुसरा बसतो.

हनोईत मी ज्यांना भेटले त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारला: तुम्ही घरी फो करता का? बहुतेकांनी तो प्रश्नच विचित्र मानला. टेट म्हणजे त्यांचा नववर्षाचा सण, त्या दिवसांत पाहुण्यांसाठी कुणी करतं. एरवी घरी भात. 'कोम' म्हणजे भात, आणि बोलीत भात ही घरची बायको, फो म्हणजे बाहेरचं प्रकरण. भाताला कंटाळून फोची ओढ लागली, असं एखाद्या नवऱ्याबद्दल म्हटलं की ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. पण या वाक्प्रचारातलं मला लागलेलं सत्य निराळं आहे. फो घरात होत नाही, कारण तो एका घरासाठी होऊच शकत नाही. चार वाडग्यांसाठी कुणी दहा तास हाडं उकळत बसत नाही. त्यासाठी गल्लीभर माणसं सकाळी यावी लागतात. शहर झोपलेलं असताना शहरासाठी रांधून ठेवलेली ही न्याहारी आहे.

मला हे पहिल्यांदा फो खाल्ला तेव्हा कळलं नव्हतं. तो वाडगा अमेरिकेतल्या सॅन होजेमधला. व्हिएतनामबाहेर एका शहरात सगळ्यात जास्त व्हिएतनामी माणसं राहतात ती तिथे, आणि आपली सॉफ्टवेअरमधली मराठी घरंही त्याच परिसरात. माझा भाऊ शनिवारी मुलांना मराठी शाळेत सोडून परतताना फो खायचा. त्यानं मला नेलं, आणि समोर परातीएवढा वाडगा आला. मी त्यात काळा सॉस पिळला, लाल सॉस पिळला, मोड आलेले मूग घातले, लिंबू पिळलं. चव छान लागली. पण ती रश्शाची चव नव्हती, बाटल्यांची होती. त्या दुकानाच्या नावात ७५ हा आकडा होता. भावाला वाटायचं तो पत्त्यातला असेल. परदेशातल्या फोच्या दुकानांवर असे आकडे सर्रास असतात, आणि पुष्कळदा ते साल असतं. ५४ म्हणजे १९५४, देशाची फाळणी होऊन उत्तरेची माणसं दक्षिणेला गेली ते वर्ष. ७५ म्हणजे १९७५, सायगॉन पडलं आणि माणसं होड्यांनी, विमानांनी देश सोडून निघाली ते वर्ष. आपण ज्या पाटीखाली बसून जेवतो तिच्यावर कुणाच्या तरी घर सुटल्याची तारीख असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

फो फार जुना नाही. हजार वर्षांची परंपरा वगैरे त्याच्यामागे कुणी लावत नाही, आणि मला ते आवडतं. हनोईच्या दक्षिणेला २०२५ पर्यंत नाम दिन्ह नावाचा प्रांत होता, लाल नदीच्या खोऱ्यातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला, फ्रेंच अमलात, तिथे आणि हनोईत हा पदार्थ आकाराला आला. नाम दिन्हमध्ये फ्रेंचांनी मोठी कापडगिरणी उभी केली होती. गिरणी आली की पाळ्या आल्या, पाळ्या आल्या की वेळी-अवेळी भूक आली. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. व्हिएतनामी शेतकरी गाय-बैल नांगराला ठेवायचा, खायला नाही. फ्रेंचांना मात्र गोमांस लागायचं, आणि त्यांच्यासाठी कापलेल्या जनावरांची हाडं, कुणाला नको असलेले तुकडे खाटकाकडे पडून राहायचे. ती हाडं स्वस्तात उचलली गेली. तोवर म्हशीच्या मांसाचा रस्सा शेवयांवर घालून विकणारे होतेच. त्यांनी म्हशीच्या जागी गाय आणली. नाम दिन्हमधल्या वान कू या एका गावातून तर इतके फोवाले बाहेर पडले, की त्या गावचं 'को' हे आडनाव हनोईत फोच्या दुकानाशी जोडलं गेलं. हा 'को' आत्या नव्हे, हेल वेगळा.

नावाबद्दल वाद आहे. काही म्हणतात, फ्रेंचांचा हाडं-भाज्यांचा एक उकडरस्सा असतो, त्याच्या नावातल्या 'फ' या शेवटच्या शब्दातून हे आलं. तो शब्द विस्तवाचा, आणि फोवाल्याजवळ विस्तव असायचाच. दुसरे म्हणतात, चिनी फेरीवाले गोमांस-शेवयांना जे म्हणायचे त्यातला शेवटचा 'फन' गल्लीत ओरडता ओरडता झिजून फऽ झाला. मला दुसरं जास्त पटतं. आपल्याकडचा भंगारवाला किंवा कल्हईवाला काय ओरडतो हे आठवून पाहा. शब्दाचे सगळे कोपरे झिजून एक सूर तेवढा उरलेला असतो.

ते फेरीवाले कावड घेऊन फिरायचे. खांद्यावर बांबू, एका टोकाला पेटती चूल आणि तिच्यावर रश्शाचं पातेलं, दुसऱ्या टोकाला वाडगी, शेवया, मांस, पात, नुक माम. दिवेलागणीनंतर हनोईच्या जुन्या पेठांतून ही कावड जायची. त्या पेठा पुण्याच्या माणसाला परक्या वाटत नाहीत. आपल्याकडे तांबट आळी तशी तिथे तांब्या-पितळेची गल्ली, चांदीची गल्ली, साखरेची गल्ली. छत्तीस गल्ल्यांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागावर थाक लाम या लेखकानं लिहिलेलं पुस्तक १९४३ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालं, आणि त्यात फोला मानाचं पान आहे. त्याच्याआधी, १९३४ साली, तू मो या विनोदी कवीनं फोचं स्तोत्र रचलं. पुढे १९५७ साली न्गुयेन तुआन या मोठ्या निबंधकारानं 'फो' या नावानं दीर्घ लेख लिहिला, आणि क्रांतीच्या काळात लेखकानं खाण्यापिण्यावर काय लिहावं, अशी त्यावर टीकाही झाली. आज तो लेख फोबद्दल बोलणारा प्रत्येक जण आधी काढतो. तुआन शिजलेल्या मांसाच्या फोच्या बाजूचा होता, कच्चे पातळ काप रश्शाच्या उष्णतेवर सोडण्याच्या बाजूचा नव्हता. हनोईत आजही यावर दोन तट आहेत. 'चिन' म्हणजे शिजलेलं, 'ताइ' म्हणजे जेमतेम वाफाळलेलं. दुकानात शिरता शिरता माणूस हा एकच शब्द टाकतो, आणि पातेल्यामागच्या हाताला तो पुरतो.

कोंबडीचा फो आला तो अडचणीतून. १९३९ च्या सुमारास सोमवारी आणि शुक्रवारी गोमांस विकायला बंदी होती, त्या दिवशी दुकान बंद ठेवण्याऐवजी कुणीतरी पातेल्यात कोंबडी घातली, असं सांगतात. जुन्या खवय्यांनी नाकं मुरडली. पण आत्याबाईंसारख्या दुकानांनी तो इतका घासून-पुसून घेतला, की आता हनोईत कोंबडीच्या फोची स्वतंत्र दुकानं आहेत. त्यांतल्या फू दोआन रस्त्यावरच्या न्गुयेत या दुकानाला २०२३ साली मिशेलीनच्या स्वस्त आणि चांगल्या खाण्याच्या यादीतही जागा मिळाली. मिशेलीननं हनोई आणि हो ची मिन्ह सिटीची यादी काढली ती त्याच वर्षी पहिल्यांदा, आणि फोची दुकानं त्यात मुबलक होती. आत्याबाईंचं दुकान त्यात नाही. त्यांना त्याचं काही वाटत असल्याचं दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, रात्री येऊ का? त्यांनी मुलीकडे पाहून काहीतरी म्हटलं. मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, भाचीला झोप येत नसेल तर यावं."

पहाटे दोन वाजता गल्लीत फक्त त्यांच्या दाराखालून उजेड येत होता. आत दोन भलीमोठी स्टीलची पातेली, विजेवर चालणारी. पूर्वी इथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं असलेल्या कोळशाच्या वड्या जळायच्या. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून सासूबरोबर पातेल्याशेजारी चटईवर झोपायच्या, आणि रात्रीतून दोनदा उठून वडी बदलायच्या. त्या धुरानं सासूची छाती गेली असं त्या म्हणाल्या. हनोई शहरानं २०२० अखेरपर्यंत हा कोळसा हद्दपार करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी विजेची पातेली घेतली. "चव तीच आहे का?" मी विचारलं. त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "झोप जास्त मिळते."

एका पातेल्यात आदल्या संध्याकाळपासून हाडं होती. पाणी उकळत नव्हतं. तळातून एखादा बुडबुडा यायचा, वर येऊन फुटायचा, मग थोड्या वेळानं दुसरा. खळखळा उकळलं की रस्सा गढूळ होतो, आणि गढूळ रस्सा म्हणजे बेपर्वा बाई, असा त्यांचा साधा हिशेब. दर काही मिनिटांनी त्या झाऱ्यानं वरचा फेस उचलायच्या आणि बादलीत झटकायच्या. झाकण ठेवायचं नाही. हाडं आधी एकदा उकळून ते पाणी फेकून द्यायचं, हाडं वाहत्या पाण्यात चोळून धुवायची, मगच खरं शिजवणं सुरू. आलं आणि छोटे लाल कांदे थेट विस्तवावर काळे होईपर्यंत भाजायचे, करपट साल काढून टाकायची आणि आतला मऊ गाभा पातेल्यात सोडायचा. आपण वांगं भाजतो तसं.

दुसऱ्या पातेल्यात कोंबड्या. त्यांच्याकडेही दोन जाती: कारखान्यातली आणि 'गा ता'. ता म्हणजे आपली. आपली कोंबडी. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे हिला गावरान म्हणतात, आणि ती महाग असते, चिवट असते आणि लोक तिच्यासाठी लांबून येतात. हे ऐकून त्यांनी पहिल्यांदा झारा खाली ठेवला आणि मान डोलावली. कोंबड्या अख्ख्याच, अर्धा-पाऊण तास मंद आचेवर शिजवून बाहेर काढल्या की लगेच गार पाण्यात. त्यानं कातडी आक्रसते, ताणून बसते, दाताखाली कुरकुरते. मग आकड्याला टांगायच्या. मांस उतरवून झालं की हाडं पुन्हा पहिल्या पातेल्यात. आजच्या कोंबडीत उद्याचा रस्सा असतो.

साडेतीनला एक पोरगा मोटारसायकलवरून शेवयांच्या टोपल्या टाकून गेला. बान्ह फो. भिजवून दळलेल्या तांदळाचं सरबरीत पीठ उकळत्या पाण्यावर ताणून बांधलेल्या फडक्यावर पसरायचं, वाफेवर क्षणभर झाकायचं, पारदर्शक झालेली चादर काडीनं अलगद उचलायची, गार करून पट्ट्या कापायच्या. आपल्याकडे उन्हाळ्यात तांदळाच्या फेण्या घालतात, त्यातली वाफेची चकती पानावरून सोलून लगेच खाल्ली आहे का कधी? तीच चव, तोच ओलसर मऊपणा. या शेवया त्या दिवसाच्याच. दुपारनंतर त्या आंबूस होतात.

गोड्या मसाल्याची गोष्ट मला बो फोवाल्याकडे सापडली. लो दुक रस्त्याच्या बाजूच्या एका गल्लीत एक म्हातारे काका कढईत मसाला कोरडा भाजत होते. मी रस्त्याच्या पलीकडे होते आणि वासानं पाय थांबले. चैत्रात आमच्या स्वयंपाकघरातून हा वास यायचा. बाद्यान, दालचिनी, मसाला वेलदोडा, धने. एक एक जिन्नस मी कढईत ओळखला. काकांनी बाद्यानाची चांदणी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "लांग सोन." तो चीनच्या सीमेलगतचा डोंगराळ प्रांत. व्हिएतनामचं बाद्यान मुख्यतः तिथलं, आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भारत. दालचिनीचंही तसंच, आपल्या बाजारात दालचिनी म्हणून जी जाड साल मिळते त्यातली पुष्कळशी व्हिएतनामच्या डोंगरांतली. म्हणजे आईच्या डब्यातल्या ज्या वासाला मी आजवर अस्सल घरचा समजत आले, तो या काकांच्या मुलखातून येत होता.

पण काकांनी पुढे जे केलं ते आमच्या घरी कुणी केलं नसतं. भाजलेला मसाला फडक्यात बांधला, पातेल्यात सोडला, आणि वास उतरल्यावर गाठोडं बाहेर काढून फेकून दिलं. आपण मसाला वाटतो, रश्शात घालतो आणि खातो. ते मसाल्याला पातेल्यात नुसते पाहुणा म्हणून बोलावतात, आणि वेळेवर निरोप देतात. बाद्यान जरा जास्त राहिलं तर रस्सा औषधासारखा लागतो, म्हणाले. त्यांचं नाक हेच घड्याळ होतं.

हनोईतलं सगळ्यात गाजलेलं बो फोचं दुकान बहुधा बात दान रस्त्यावरचं. बात म्हणजे वाडगा; कधीकाळी त्या रस्त्यावर मातीची वाडगी विकली जायची. मी तिथे खाल्लं नाही, पण रांगेत मुलीबरोबर चाळीस मिनिटं उभी राहिले. आधी पैसे द्यायचे, मग वाडगा मिळणार, आणि तो गरम वाडगा दोन्ही हातांनी सांभाळत आपणच टेबलापर्यंत न्यायचा. कुणी आणून देत नाही. आलेले परदेशी लोक गोंधळतात. हनोईकरांना ही रांग रेशनच्या दिवसांची आठवण करून देते.

ते दिवस कठीण होते. युद्धाच्या आणि नंतरच्या काळात उत्तरेत खासगी दुकानं जवळजवळ संपली, फो मिळायचा तो सरकारी दुकानांतून. मांस नसायचं. गरम पाणी, शेवया, चिमूटभर अजिनोमोटो. त्याच सुमारास अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी विमानं हनोईवरून उडायची, आणि लोकांनी या बिनमांसाच्या वाडग्याला नाव दिलं: वैमानिक नसलेला फो. पोट भरावं म्हणून त्यात घरून आणलेला शिळा भात टाकायचे. १९८६ साली सरकारनं आर्थिक धोरण बदललं, 'दोइ मोइ' म्हणजे नवी घडी, आणि दुकानं पुन्हा दारोदारी उघडली. आत्याबाईंच्या सासूनं त्याआधीची काही वर्षं घरातल्या घरात, दार लावून, ओळखीच्या माणसांपुरता फो विकला होता. रश्शाचा वास दाराबाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायच्या. हे सांगताना आत्याबाईंनी दाराच्या त्या फटीकडे बोट दाखवलं.

सायगॉनला जायला मी विमान घेतलं. आता शहराचं नाव हो ची मिन्ह सिटी, पण खाण्याच्या गोष्टी करताना सगळे सायगॉनच म्हणतात. १९५४ च्या फाळणीनंतर उत्तरेतून आठ लाखांहून जास्त माणसं दक्षिणेत आली, त्यांच्याबरोबर फो आला, आणि दक्षिणेनं त्याला आपलंसं केलं. टेबलावर पाल्याचा ढीग येतो: तुळशीच्या कुळातला जांभळ्या दांड्याचा पाला, करवतीसारख्या कडांची लांब कोथिंबीर, मोड आलेले मूग, लिंबाच्या फोडी, मिरचीच्या चकत्या. शेजारी गोडसर काळा सॉस आणि लाल तिखट सॉस. रस्सा गोड, शेवया बारीक, वाडगा मोठा. हनोईचा माणूस याकडे पुणेकरानं कोल्हापूरच्या तर्रीकडे पाहावं तसा पाहतो, आणि सायगॉनचा माणूस हनोईच्या वाडग्याला फिक्कं पाणी म्हणतो.

मी हनोईच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. दहा तास खपून नितळ केलेल्या रश्शात सॉस ओतणं मला आता जमत नाही. पण पाश्चर रस्त्यावरच्या होआ या जुन्या दुकानात (रस्त्यांची बहुतेक फ्रेंच नावं गेली, पाश्चरसारखी मोजकीच आज आहेत, लसी माणसाच्या कामाच्या असतात) मी तासभर बसले, आणि एक गोष्ट मान्य केली. तिथे प्रत्येक जण पाला स्वतः निवडून, खुडून, आपापल्या वाडग्यात घालत होता. एक बाप लहान मुलाला शिकवत होता, तुळस हातानं फाड, सुरीनं नको. उष्ण, घामट, सुबत्तेच्या प्रदेशानं थंडीच्या मुलखातला पदार्थ आपल्या हवेला बेताचा करून घेतला होता. त्या मुलाला तो वाडगा अपुरा कुठेच नव्हता.

ली चिन्ह थांग रस्त्यावर सात नंबरला बिन्ह नावाचं फोचं दुकान आहे. बिन्ह म्हणजे शांती. मालक न्गो तोआइ उत्तरेकडचे. साठच्या दशकात खालच्या मजल्यावर अमेरिकन सैनिक फो खायचे, आणि वरच्या मजल्यावर त्याच अमेरिकनांविरुद्ध लढणाऱ्या एफ-१०० या गुप्त तुकडीची माणसं जमायची. १९६८ च्या टेटच्या वेळी सायगॉनवरच्या हल्ल्याचा हुकूम याच घरातून सुटला. नंतर तोआइ पकडले गेले, तुरुंगात गेले. ती वास्तू आता ऐतिहासिक म्हणून जपली आहे. मला त्यातलं हेरगिरीचं नाट्य फार खेचत नाही. मला दिसतो तो एक माणूस, जो वर काय चाललंय हे जाणून खाली रोज सकाळी नीट रस्सा गाळत होता. रस्सा बिघडला असता तर गिऱ्हाईक तुटलं असतं, आणि गिऱ्हाईक तुटलं असतं तर आडोसा गेला असता.

ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिएतनामच्या सरकारनं नाम दिन्हचा आणि हनोईचा फो राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून नोंदवला. बातमी आनंदाची. पण ज्या हनोईचा फो वारसा ठरला त्या हनोईतच २०१७ साली फूटपाथ मोकळे करायच्या मोहिमा जोरात चालल्या होत्या, आणि स्टुलं, छपरं, पायऱ्या उचलून नेल्या गेल्या होत्या. चालणाऱ्यांना वाट हवी हे खरंच आहे. तरी बाहेरची तीन टेबलं गेली की आत्याबाईंच्या दिवसाच्या वाडग्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विक्री जाते, आणि तेवढ्यासाठी रात्री दोनला उठायचं का, हा प्रश्न त्यांच्या मुलानं आधीच विचारून ठेवला आहे. तो बँकेत नोकरी करतो. वाडग्याची किंमत पन्नास हजार दोंग, आपले साधारण पावणेदोनशे रुपये. त्याहून वाढवली तर शाळेतली ती मुलगी येणार नाही, म्हणाल्या.

निघायच्या दिवशी मी सकाळी जरा उशिरा गेले. साडेनऊ झाले होते. आकड्यावर शेवटची अर्धी कोंबडी होती आणि ती एका रिक्षावाल्यानं नेली. दहाला पातेली रिकामी झाली. आत्याबाईंनी ती पाइपच्या पाण्यानं धुतली, तळ हातानं चोळून पाहिला, आणि दारात उन्हाला पालथी घातली. मग मागच्या खोलीतून कुकर आणला, लाल भाजीची उकड आणली, एका ताटलीत तळलेला छोटा मासा आणि वाटीत नुक माम. जमिनीवर बैठक मांडली. मी विचारलं, फो नाही खात? मुलीनं भाषांतर करायच्या आधीच त्यांना कळलं असावं. त्यांनी भात मोकळा केला, एक छोटा वाडगा भरला, माशाचा पोटाकडचा तुकडा मोडून त्यावर ठेवला, आणि तो माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "आन दी, चाउ." जेव, भाची.